पहिला वर, बाकीचे खाली

ते साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. त्या वर्षी जगात पुष्कळ काही घडलं असेल, पण त्या घरात सालाची ओळख एकच राहिली. दादाने मोटारसायकल घरी दुरुस्त केली ते वर्ष. पुढे कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचं आजारपण आठवायचं झालं की 'गाडीच्या आधी की गाडीच्या नंतर?' असंच विचारलं जायचं.

घर दुमजली होतं. वर थोरला भाऊ आणि त्याची बायको, खाली धाकटा भाऊ, त्याची बायको आणि दोन्ही भावांची आई. स्वयंपाकघर एकच, खालचं. मोटारसायकलही एकच, वडिलांच्या मागे राहिलेली. तिच्यासाठी वडिलांनीच जाण्याआधी नियम घालून दिला होता. एक आठवडा थोरल्याचा, एक आठवडा धाकट्याचा. रविवारी संध्याकाळी किल्ली आईकडे द्यायची आणि आईने ती दुसऱ्याला द्यायची. भावाने भावाच्या हातात किल्ली द्यायची नाही, कारण समोरासमोर आले की बोलाचाली होते. वडील दूरदर्शी होते, यात शंका नाही. फक्त भांडायला किल्ली लागत नाही, एवढंच त्यांच्या ध्यानात यायचं राहिलं.

थोरलीला, म्हणजे थोरल्याच्या बायकोला, गाडीचं काही सोयरसुतक नव्हतं. तिचा जीव स्वयंपाकघराला लागून असलेल्या छोट्या खोलीत अडकलेला. तिथे खिडकीशी शिवणाचं मशीन होतं आणि दुपारची कामं उरकली की दोघी जावा तिथे बसून शाळेचे गणवेश शिवत. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीच्या कात्रीखाली आपण दोन कधी झालो हे कापडाला कळायचं नाही; धाकटीची शिलाई रुळासारखी सरळ. एकीला मशीनवर धड बसता येत नव्हतं आणि दुसरीने कात्री धरली की कापड रडायचं. दोघी मिळून एक उत्तम शिंपी होत्या. त्या खोलीतून दुपारभर मशीनचा आणि हसण्याचा आवाज येई, आणि सासूबाई पलंगावरून म्हणत, "मेल्यांनो, काम करताय की तमाशा?"

थोरलीला भीती होती ती एकाच शब्दाची. भाऊ भांडले की त्यांच्यापैकी एक जण हटकून म्हणायचा, "मग वेगळे होऊ." पुरुषांचं काय, त्यांना वेगळं व्हायला एक भिंत पुरते. पण चुली वेगळ्या झाल्या की मशीन एकीकडे आणि कात्री दुसरीकडे, हे तिला कळत होतं. म्हणून ती दोन्ही भावांची भांडणं उतू जाणाऱ्या दुधासारखी पाहत असे, हातात पाण्याचा पेला घेऊन.

त्या वर्षी भांडण उतू गेलं ते गिअरवरून. पायाखालचं गिअरचं पेडल ढिलं झालं होतं. दाबलं तर दोनदा दाबावं लागायचं, न्यूट्रल तर नशिबात असेल त्यालाच सापडायचं. थोरल्याचं मत असं की धाकटा गिअर बदलत नाही, लाथ मारतो. धाकट्याचं मत असं की दादा ऑफिसात शिक्के मारतो तसाच पेडलवर पाय मारतो. मतं तोंडावर मांडून झाली आणि अबोला सुरू झाला.

आता अबोल्यातही बोलावं लागतंच. ते काम आईकडे आलं. ती म्हणजे घरचं पोस्ट ऑफिस. फरक इतकाच, की पोस्टातली माणसं पाकीट फोडत नाहीत. आई फोडायची, वाचायची, मजकूर स्वच्छ धुऊन वाळवायची आणि इस्त्री करून पुढे द्यायची.

"त्याला सांग, टाकी भरून ठेवायची अक्कल असली तर बरं."

आई जिना उतरून खाली यायची. "दादा म्हणतोय, पेट्रोल भरायची तसदी घेशील का रे?"

"त्याला म्हणावं, स्वतः रिकामी देतो त्याचं काय?"

आई पुन्हा जिना चढायची. "तो म्हणाला, हो दादा."

अशा रीतीने दोघांनाही वाटत होतं की दुसरा नमला. घरात शांतता होती ती आईच्या गुडघ्यांच्या जिवावर.

एके दिवशी मात्र धाकटा अंगणात मोठ्याने बोलला. "गाडी गॅरेजात टाकायची म्हटली तर दादा म्हणतो घरी करतो. घरी! ज्याला पंख्याचा स्क्रू बसवता येत नाही तो!" हे आईच्या इस्त्रीखालून न जाता थेट वरच्या खिडकीत पोचलं. थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो असं करी तेव्हा ऑफिसात कुणाचा तरी अर्ज नामंजूर होत असे.

"या आठवड्यात गाडी माझ्याकडे आहे," तो बायकोला म्हणाला. "रविवारी तिची किल्ली देईन तेव्हा गिअर लोण्यात सुरी फिरावी तसा पडला पाहिजे."

"अहो, पण तुम्हाला येतं का?"

"येण्याचा प्रश्न नाही. तर्काचा प्रश्न आहे."

तर्क असा होता. पेडल आणि इंजिन यांच्यामध्ये वीतभर लांबीची एक जोडदांडी असते. तिची दोन्ही टोकं झिजली होती, म्हणून पेडल डुगडुगत होतं. टोकं खोलायची, साफ करायची, ग्रीस भरायचं, आवळायचं. इतकं साधं. सुट्टीच्या दिवशी थोरल्याने अंगणात जुनी चादर अंथरली, स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या मागवल्या आणि प्रत्येक वाटीत एकेक नट ठेवायचा संकल्प सोडला. त्या दिवशी घर ताटातच आमटीबिमटी ओतून जेवलं.

चादर पसरली म्हणजे शेजार येणारच. पलीकडच्या घरातले अनुभवी आले. या गृहस्थांचं खरं नाव काहीतरी होतं, पण प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' या शब्दांनी सुरू करायची त्यांना सवय, म्हणून सगळे त्यांना अनुभवी म्हणत. त्यांच्याकडे आयुष्यात सायकलसुद्धा नव्हती. अनुभव मात्र रणगाड्यापर्यंतचा होता.

"माझा अनुभव असा," ते खुर्ची मागवून बसत म्हणाले, "की गंजलेला नट सुटत नसेल तर तो अजून आवळावा. मग तो घाबरून सुटतो."

थोरल्याने आवळला. नट घाबरला नाही.

खरी गोष्ट अशी की त्या दांडीच्या एका टोकाला सरळ आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे. दांडी नुसती फिरवली की पेडल वरखाली करता यावं म्हणून ती सोय. सोय करणाऱ्याने ती मध्यमवर्गीय माणूस चादर अंथरून खोलेल असं धरलं नव्हतं. पहिलं टोक सुटलं तेव्हा थोरल्याने बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. दुसरं टोक तो त्याच दिशेने फिरवत राहिला. फिरेना तसा पान्याला नळाचा पाइप लावला. अनुभवींनी पाइपाच्या टोकाला आपलं वजन दिलं. नटाचे कोपरे गेले, तो गोटीसारखा गुळगुळीत झाला, आणि शेवटी जे सुटलं ते नट नव्हतं, दांडी होती. दोन तुकडे.

"माझा अनुभव असा," अनुभवी कपडे झटकत म्हणाले, "की तुटायचंच असतं ते आधी तुटलेलं बरं," आणि जेवायला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी थोरला रजा काढून कंपनीच्या एजन्सीत गेला, नवी दांडी आणायला. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर?"

"वडिलांच्या."

"त्यांना पाठवा."

"ते वारले."

"मग त्यांचं पत्र आणा."

"वारलेल्या माणसाचं पत्र?"

"आधी लिहून ठेवलं असेल ना एखादं. नाही? मग सगळ्या मुलांनी एकत्र समोर येऊन सह्या करायच्या. चोरीच्या गाड्यांना भाग लावतात लोक. नियम आहे."

थोरल्याने आजवर शेकडो माणसांना अशाच खिडकीमागून परत पाठवलं होतं. 'नियम आहे' हे वाक्य त्याचं स्वतःचं, रोजच्या वापरातलं. पण ते बाहेरून कसं लागतं याची त्याला कल्पना नव्हती. घरी येऊन तो बराच वेळ बूट न काढता बसला.

"भावजींना घेऊन जा ना," थोरली म्हणाली. "दहा मिनिटांचं काम. त्या निमित्ताने बोलणंही होईल."

"त्याच्या सहीने? म्हणजे मी तोडली हे त्याला सांगून?" त्याने असं पाहिलं, की जणू तिने त्याला बाजारात टोपी पसरायला सांगितली.

मग उरला वेल्डर. गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान होतं, आणि तो खिडकीच्या जाळ्या आणि पाळणे करायचा. आत्मविश्वास मात्र जहाज बांधणाऱ्याचा. "सोडून जा साहेब, नवी काय करेल अशी करतो." त्याने दोन तुकडे जोडले, आणि जोड मजबूत व्हावा म्हणून मध्ये एक तिसरा तुकडा घातला. दांडी खरंच मजबूत झाली. दोन बोटं लांबही झाली.

लांब दांडी बसेना. इंजिनातून एक दातेरी दांडा बाहेर डोकावतो, त्यावर बोटाएवढी एक पट्टी असते, तोंड खाली करून. जोडदांडीचं टोक त्या पट्टीला जोडायचं. थोरला अर्धा दिवस पट्टीशी झटला. शेवटी अनुभवी कुंपणावरून म्हणाले, "पट्टी वर करा की! माझा अनुभव असा, की जिथे खाली जमत नाही तिथे वर जमतं."

पट्टी काढून तोंड वर करून बसवली आणि काय आश्चर्य, दांडी अशी चपखल बसली की जणू तिच्याचसाठी केली होती. थोरल्याने आनंदाच्या भरात पाइप लावून पट्टीचा बोल्ट आवळला. एकदा आवळला, खात्रीसाठी पुन्हा आवळला. कट्ट असा आवाज झाला. आटे गेले आणि बोल्ट तिथेच रुतून बसला. आता ती पट्टी हत्तीने ओढली तरी निघणार नव्हती.

मग चाचणी. आई ओट्यावर, दोघी जावा दारात, अनुभवी कुंपणावर. थोरल्याने पहिला गिअर टाकायला पेडल खाली दाबलं, क्लच सोडला. गाडी थरथरली, खोकली आणि बंद पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकली. रागाने त्याने पेडल बुटाच्या टोकाने वर उचललं आणि गाडीने अशी उडी घेतली की तुळया हलाव्यात. ती थेट कुंपण मोडून अनुभवींच्या कोबीच्या वाफ्यात शिरली. अनुभवींना त्या प्रसंगी एकही अनुभव आठवला नाही.

धुरळा बसल्यावर उलगडा झाला. पट्टी उलटी, म्हणून गिअरही उलटे. पूर्वी पहिला खाली आणि बाकीचे वर होते. आता पहिला वर आणि बाकीचे खाली.

"अहो, मग खोलून नीट बसवा ना," थोरली कोबीची पानं त्याच्या शर्टावरून काढत म्हणाली.

"नीटच बसलंय," तो म्हणाला. "फक्त उलटं आहे."

"आणि भावजी? त्यांच्या पायाला काय कळणार?"

"सवयीचा प्रश्न आहे. मला तर हेच सोपं वाटतंय. अडकतो का कुठे? सांग, अडकतो का?"

अडकत नव्हता, हे खरं. शनिवारी दिवसभर तो मैदानात गाडी फिरवत राहिला आणि संध्याकाळी आपण हे मुद्दामच केलं होतं अशा मुद्रेने परतला.

रविवारी किल्ली द्यायची वेळ आली. थोरला आईला म्हणाला, "त्याला सांग, गिअरमध्ये मी बदल केलाय. गाडी काढण्याआधी वर येऊन मला विचार म्हणावं." उलटे झालेत एवढं बोलला असता तर काम होतं. पण 'उलटे झालेत' हे एक बोलणं आणि 'येऊन विचार' हे दुसरं. आणि या दुसऱ्यासाठीच तर आठवडाभर कोबीपर्यंतचा प्रवास झाला होता.

आई जिना उतरली. वर येऊन विचार, हे शब्द धाकट्याला झोंबणार हे तिला पायरी पायरीवर पटत गेलं. खाली पोचेपर्यंत तिने ते काढून टाकले. "दादाने गाडी अगदी झकास केलीय हो," ती किल्ली देत म्हणाली. "तुझ्यासाठी राबला बिचारा."

थोरलीला सासूबाईंची इस्त्री माहीत होती. ती मागोमाग खाली गेली आणि मशीनपाशी धाकटीला गाठलं. "हे बघ, नीट ऐक. गिअर उलटे झालेत. पहिला वर, बाकीचे खाली. भावजींना आजच सांग."

"अगं बाई! ताई, बरं केलंस सांगितलंस. सांगते हं."

आणि तिने सांगितलं. यात तिची काही कसूर नाही. धाकटा जेवता जेवता म्हणाला, "आई म्हणते झकास झाली, तू म्हणतेस उलटी झाली. कुणाचं ऐकू? वरून निरोप आला असेल, घाबरवा त्याला, म्हणजे हात जोडत येईल. मी गाडी चालवायला दादाच्या आधी शिकलोय, म्हणावं."

सोमवारी सकाळी तो नवा शर्ट घालून निघाला. त्या आठवड्यात त्याच्या ऑफिसात बढतीचं ठरायचं होतं आणि नाव त्याचंच होतं. अंगणातून निघताना गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा वळवळत निघाली. गल्लीत इंजिन ओरडलं, मग दबलं, मग पुन्हा ओरडलं. 'काय भंगार करून ठेवलंय' असं म्हणत तो कसाबसा मोठ्या रस्त्याला लागला, आणि रस्ता सरळ असल्याने गाडीने वेगही घेतला. खरी गंमत ऑफिसच्या फाटकात झाली. रोजच्या सवयीने वेग कमी करायला त्याने एकेक गिअर उतरवायचा म्हणून पाय मारला, आणि गिअर उतरायच्या ऐवजी चढला. आणखी मारला, आणखी चढला. समोर सायकलींची लांबलचक रांग होती. पहिली सायकल दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि ती पडापड शिस्तीत पुढे जात जात शेवटच्या सायकलीपाशी पोचली. तिला टेकून मोठे साहेब शिपायाला वक्तशीरपणाबद्दल सुनावत होते.

साहेबांचा घोटा मुरगळला. धाकट्याचं मनगट मोडलं. बढती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिळाली, जो पायी येत असे.

संध्याकाळी प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून धाकटा अंगणात उभा राहिला आणि अबोला मोडला. "खाली ये! आज समोर बोल!"

"मी सांगितलं होतं येऊन विचार म्हणून!" थोरला जिन्यावरून ओरडला.

"मला कुणी सांगितलं नाही!"

दोघांनी आईकडे पाहिलं. आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मी बापडी दोघांच्या भल्याचंच बोलले."

आईला रडताना पाहून धाकटीला राहवलं नाही. आपल्या जावेवर तरी बालंट नको म्हणून ती पुढे आली. "असं कसं म्हणता? ताईने मला स्वच्छ सांगितलं होतं, पहिला वर आणि बाकीचे खाली. मी तुम्हाला सांगितलंही. ताईला उगाच बोल लावू नका."

मग धाकट्याने सावकाश मान वळवून थोरलीकडे पाहिलं. "म्हणजे वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं. तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडी उलटी आहे हे ठाऊक असूनही माझ्या बढतीच्या आठवड्यात ती माझ्या गळ्यात घातलीत. सरळ का नाही केलीत मग?"

या प्रश्नाला उत्तर होतं. बोल्टचे आटे गेले होते, हे ते उत्तर. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं. तो एवढं वाक्य बोलला असता तर त्याची फजिती झाली असती, आणि भाऊ कदाचित हसलाही असता. थोरल्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाला, "गाडीत काही दोष नव्हता."

"ऐकलंस?" धाकटा बायकोला म्हणाला. "ही तुझी ताई."

धाकटी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. तिचं थांबणं फार तर पापणी लवण्याइतकं असेल. पण थोरलीला ते दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं हे धाकटीलाही कळलं.

अंगणात महिन्याभरात भिंत उभी राहिली आणि वर दुसरी चूल पेटली. वाटण्या पुरुषांनीच केल्या, खुर्चीत बसून, अनुभवींना मध्यस्थ घेऊन. गाडी धाकट्याला; मग तेवढ्याच तोलाची वस्तू म्हणून मशीन थोरल्याला. कोण कापतं आणि कोण शिवतं, हे कुणी विचारलं नाही. वर जाताना मशीन जिन्यात अडकलं तेव्हा दोन्ही भावांनी ते मिळून उचललं, "जरा डावीकडे घे," "हं, सांभाळ," असं नीट बोलत. मशीन पोचवल्यावर ते पुन्हा अबोल झाले.

पुढे सगळ्यांचं व्हायचं ते झालं. अनुभवी दवाखान्यात वारले, आणि जाण्याच्या आदल्या दिवशीसुद्धा त्यांनी डॉक्टरांना आपला अनुभव सांगितला. वेल्डरने मोठं दुकान काढलं, दारावर 'सर्व प्रकारची कामे' असा फलक लावून. गाडी धाकट्याने एका दूधवाल्याला विकली. तो तिच्यावर बरीच वर्षं फिरला. त्याने आधी दुसरी गाडी चालवलीच नव्हती, त्यामुळे त्याची काही तक्रार नव्हती. सासूबाईंची पाळी लागली, एक महिना वर, एक महिना खाली. दोन्हीकडे त्या गप्प असत, आणि माणसं म्हणत, म्हातारी निवळली. धाकट्याला दुसऱ्या गावी बढती मिळाली आणि खालच्या खोल्यांत भाडेकरू आले. थोरली मशीनवर बसायला शिकली, पण तिची शिलाई कधी सरळ आली नाही. ती उशांचे अभ्रे शिवायची, जे झाकूनच राहतात.

भावांचं म्हणाल तर त्यांची दिलजमाई झाली. चुलत भाच्याच्या लग्नात दोघं शेजारी बसले, नव्या स्कूटरींवर बोलायला लागले आणि बोलतच राहिले. त्यानंतर दर कार्यात ते हा किस्सा रंगवून सांगत, कोबीपासून साहेबांच्या घोट्यापर्यंत, एकमेकांच्या मांडीवर थापा मारत. "काही म्हण," थोरला शेवटी म्हणायचा, "पण गिअर त्यानंतर अडकला का कधी?" "नाही दादा, ते मात्र नाही," धाकटा डोळे पुसत म्हणायचा, आणि मंडळी हसून लोळायची.

किस्सा सुरू झाला की दोघी जावा उठून चहाचं बघायला आत जात. परक्याच्या स्वयंपाकघरात, ओळीने मांडलेल्या कपांपुढे, बाहेरचा हशा ऐकत उभ्या राहत. अशाच एका वेळी धाकटीने डब्यात चमचा घातला, थोरलीकडे पाहिलं आणि पाहुण्या बाईला विचारावं तसं अगदी अदबीने विचारलं, "तुम्हाला साखर किती घालू?"